एक ठोका गेलं, दोन ठोके आलं

खुटबाव, ता. दौंड
१२ जानेवारी २००७

चि. गौतमी,

तुझ्या आबांचा सप्रेम जय भीम.

आम्ही बरे आहोत. आई बरी आहे. थंडी आहे, पण सोसण्यासारखी. दिल्लीत धुकं फार पडतं असं ऐकलं, तर रस्ता ओलांडताना दोन्हीकडे बघत जा. आपल्याकडे एकीकडे बघितलं तरी भागतं, दुसरीकडून फार तर उसाची बैलगाडी येते. तिकडे तसं नसणार. खोलीत शेगडी पेटवून दार लावून झोपू नकोस. हे मी आधीच्या पत्रात लिहिलंय की काय, आठवत नाही. लिहिलं असलं तरी परत वाच.

मे महिन्यात तू भरलं ताट सोडून यवतला बस धरायला निघून गेलीस, तेव्हापासून आपली पत्रं चार ओळींची झाली. आम्ही सुखरूप, तू सुखरूप राहा, आणि खाली आईची एक ओळ. हे पत्र लांबणार आहे. कामावर असशील तर पर्समध्ये ठेव, खोलीवर गेल्यावर वाच.

झालं असं, की परवा पोपटराव आले आणि त्यांनी बंडीच्या खिशातून पेपरचं कात्रण काढलं. त्यात तुझा फोटो. केस कापलेस ते बरे दिसतात, पण मान बारीक झाल्यासारखी वाटली. पोपटराव म्हणाले, "ज्ञानदेवा, तुझी लेक दिल्लीत बसून तुझाच पाईप उपटाया निघाली की रं." ते हसले, मीही हसलो. ते गेल्यावर कात्रण तीनदा वाचलं. सातवी नापास माणसाला जेवढं कळायचं तेवढं कळलं. चुकलं असेल तर सांग.

तू म्हणतेस, टीव्हीवाल्यांना सरकारनं हवेतल्या लहरींचा एक रुंद पट्टा फार पूर्वी नेमून दिला. त्यातला बराच रिकामा पडून आहे. आता डिजिटल पद्धत आली की एका चॅनेलच्या जागेत चार-पाच चॅनेल बसतील, म्हणजे आणखी जागा उरेल. ती उरलेली जागा काढून घ्यावी आणि खेड्यापाड्यांत फोन, इंटरनेट पोचवायला द्यावी, कारण या लहरी लांब जातात आणि झाडाझुडपाला अडत नाहीत. यावर वीस फेब्रुवारीला दिल्लीत खुली चर्चा आहे. तिथं तू तुझ्या संस्थेतर्फे बोलणार, आणि देशातला कुणीही माणूस आपलं मत लिहून पाठवू शकतो.

लहरी लांब जातात हे मला पेपरनं सांगायला नको. सन पंच्याऐंशीपासून मी रखमाजी मिस्त्रीच्या हाताखाली यवतपासून आपल्या गावापर्यंत घरोघर टीव्हीचे पाईप उभे केले. तोंड सिंहगडावरच्या टॉवरकडे, मध्ये एवढं अंतर, तरी लांब काड्यांचा अँटेना आणि वीस फुटी पाईप असला की चित्र धरायचंच.

पोपटरावांच्या वडिलांच्या घरचा पाईप मीच उभा केला. मागून शिडी लावून माळवदावर जायला मला परवानगी होती, पुढच्या दारानं आत यायला नव्हती. दिवसभर त्यांच्या डोक्यावर उभा राहून काम केलं आणि खाली उतरल्यावर पाणी मिळालं ते ओंजळीत, वरून ओतलेलं. मी प्यायलो. तहान होती. मग आठवडाभरानं आपल्या पत्र्यावर पाईप उभा केला, तर सिंहगडाहून जे त्यांच्या माळवदावर येत होतं तेच आपल्या पत्र्यावर आलं. तेवढंच, तसंच, त्याच वेळेला. ते कुणी वरून ओतत नव्हतं. गौतमी, मला या लहरींबद्दल जे वाटतं ते त्या आठवड्यापासून वाटतं.

तुला ताटली आठवते का? वाऱ्यात आवाज पोचायचा नाही म्हणून आई खाली टीव्हीपुढं ताटली आणि पळी घेऊन बसायची. चित्र गेलं की एक ठोका, आलं की दोन. दोन ऐकले की मी पाईप आवळायचो. बाकी सगळं गाव "आलं का, आलं का" ओरडून घसा कोरडा करायचं, आपल्या घरी ताटली. तू पाच-सहा वर्षांची असताना हट्टानं पळी ओढून घ्यायचीस आणि तीन ठोके द्यायचीस. मी वर गोंधळून उभा. मग तू अंगणात येऊन मान वर करून सांगायचीस, "तीन म्हंजी मी हाय."

आता मुद्द्याचं. पट्टा रिकामा आहे म्हणतेस. गायरानही रिकामंच दिसायचं. आपले लोक तिथं दोन शेळ्या चारायचे, सरपण गोळा करायचे, ते कुठल्या कागदावर नव्हतं. मग कुणीतरी आलं, रिकामं पडलंय म्हणालं, आणि कुंपण पडलं. कुंपण घालणारा दर वेळी चांगलंच कारण सांगतो. फोनच्या लहरी घ्यायला कार्ड भरावं लागतं. टीव्हीच्या लहरी पत्र्यावर आपोआप पडतात, फक्त पाईप सरळ पाहिजे. एकदा दिलेलं परत कोण आणणार? मी तुझ्या विरुद्ध नाही. पण मत पाठवलंच तर विरुद्ध पाठवीन असं आज वाटतं.

आईचे हात पिठात आहेत म्हणून तिची ओळ राहिली. पुढच्या खेपेला.

तुझे आबा

ता. क. तू दिलेला मोबाइल पेटीत आहे. कापडात नीट गुंडाळून ठेवलाय.


खुटबाव
२८ जानेवारी २००७

चि. गौतमी,

सप्रेम जय भीम आणि मंगल कामना.

तुझं चार पानी पत्र मिळालं. पाकीट फाडताना कोपरा गेला आणि त्यात एक शब्द गेला. तो बहुतेक 'पण' असावा. तुझ्या पत्रात तो पुष्कळ वेळा येतो, त्यामुळं अडलं नाही.

आधी तुझ्या प्रश्नांची उत्तरं. पाकिटावर शिरूरचा शिक्का कसा, तर तुझ्या करुणामावशीकडे काम निघालं होतं, तिथल्याच पेटीत पत्र टाकलं. धम्मदीप फोनवर नीट बोलत नाही, तर सणसवाडीला त्याच्या कंपनीत मशीनचा आवाज फार. शिवाय माझा पुतण्या असूनही तो लाजाळू आहे, त्याचं मनावर घेऊ नकोस. आईची ओळ नाही, तर तिचा चष्मा दुरुस्तीला टाकलाय. ती जेवते, झोपते, तुझं नाव काढते. आणखी काय लिहू.

पण (हा माझा) तुझी एक गोष्ट डोक्यातून जाईना. तू लिहिलंस, आबा, गायरान म्हणू नका, पाट म्हणा. जमीन एकानं घेतली की दुसऱ्याची जाते. लहरी वापरल्यानं झिजत नाहीत, पण न वापरता गेलेला दिवस पाटाच्या पाण्यासारखा वाहून जातो, तो परत येत नाही.

पाट म्हटल्यावर मला आपलं रान दिसलं. आपलं पाऊण एकर टेलला, म्हणजे पाट जिथं संपतो तिथं, हे तुला ठाऊक आहे. पोपटरावांच्या वडिलांचं रान वरच्या अंगाला. त्यांची पाळी चार दिवसांची असायची आणि रान दोन दिवसांत भिजायचं. उरलेले दोन दिवस पाणी ओढ्याला जायचं. एका साली मी त्यांच्या बांधावर उभा राहून विनवलं, उरलेलं पुढं सोडा. ते म्हणाले, "पाळी माझी हाय तवर पाणी माझं. मी भिजवीन, न्हाईतर वाहू दीन." आपली ज्वारी त्या साली गुडघ्याएवढीच राहिली. आता टीव्हीवाले पट्टा धरून बसले असतील आणि भिजवत नसतील, तर ते त्या म्हाताऱ्यासारखेच झाले. हे मला कबूल करावं लागतं, आणि कबूल करताना बरं वाटत नाही, कारण आजवर मी त्यांच्याच बाजूनं पत्र्यावर चढत आलो.

मग दुसरं मनात आलं. पाळी मोडून उरलेलं पाणी सोडलं की ते कुणाला मिळतं? टेलच्या माणसाला कधीच नाही. ज्याचं इंजिन मोठं तो मधल्यामधे उपसून घेतो. तुझी संस्था भली आहे हे मान्य. पण त्या चर्चेला तू एकटीच थोडी जाणार? मोठ्या इंजिनवालेही येतील, आणि तेही खेड्यांचंच नाव घेतील. हायवेला यवतमध्ये फोन ठणठणीत लागतो आणि तिथून थोडं आत आलं की मुका होतो. तिथं लहरी कमी पडल्या असं मला वाटत नाही. आत यावं असं कुणाला वाटलं नाही. पट्टा आणखी रुंद दिला म्हणजे वाटायला लागेल का? हे तू विचारून ठेव. मी उगाच खोडा घालत नाही, मला खरंच कळत नाही.

पत्राच्या शेवटी तू विचारलंस, "आबा, गावात अचानक कुणाला काही झालं, तर फोन कुठून करायचा?"

इथं मी थांबलो होतो. दुपारपासून कागद उघडा आहे. या प्रश्नाचं उत्तर या पत्रात देत नाही. राग मानू नकोस.

स्वेटर घालत जा. बसमध्ये दाराजवळ उभी राहू नकोस.

तुझे आबा


शिरूर
८ फेब्रुवारी २००७

गौतमी, बाळ,

वरचं गावाचं नाव बघ. या वेळी ते खरं लिहिलंय.

उभी असशील तर बस. आई जिवंत आहे आणि धोका टळलाय. हे आधी लिहून टाकलं, म्हणजे पुढचं नीट वाचशील.

सहा डिसेंबरला गुडघ्यांमुळं तिला दादरला जाता आलं नाही. म्हणून सातच्या बातम्यांत चैत्यभूमी बघायची असं तिनं सकाळपासून धरलं होतं. पांढरी साडी नेसून टीव्हीपुढं बसली. सातला दहा कमी असताना पडद्यावर मुंग्या आल्या. वारा सुटला होता. मी शिडी लावली. तू मे महिन्यात म्हणाली होतीस, "आबा, साठी उलटली, पत्र्यावर किती दिवस चढणार? डिश बसवू द्या, फोन वापरा." आणि मी म्हणालो होतो, "तुझ्या तुकड्यावर जगाया बसलो न्हाई मी." ते बोलायला नको होतं. आईनं तेव्हा ताटावरून उठलेल्या तुझ्या पाठीकडे बघितलं आणि मग माझ्याकडे. त्या संध्याकाळी मी जरा जास्तच ताठ्यानं शिडी चढलो असेन.

पाईप थोडा फिरवला. खालून ठोका आला. एक. एक म्हणजे गेलं. मी उलट फिरवला. काही नाही. आणखी फिरवला. ठोका नाही म्हणजे अजून आलं नाही, हे वीस वर्षांचं गणित. वरून तिच्यावर करवादलोसुद्धा, "ताईबाई, झोपलीस का काय?" पंधरा मिनिटं, गौतमी. पंधरा मिनिटं मी सिंहगड शोधत होतो.

खाली आलो तर पडद्यावर नुसत्या मुंग्या आणि त्या उजेडात ती आडवी. ताटली घरंगळत उंबऱ्यापर्यंत गेलेली. मी समजलो, मी ऐकला तो ठोका नव्हताच, ताटली हातातून पडल्याचा आवाज होता. उजव्या अंगावरून वारं गेलं होतं. तोंड वाकडं झालं होतं आणि डोळे उघडे होते.

तुझा मोबाइल पेटीतून काढला. नीट गुंडाळलेला, आणि बॅटरी मेलेली. पोपटरावांकडे पळालो. त्यांच्या घरचा फोन बंद, जीप घेऊन ड्रायव्हर यवतला गेलेला. पोपटराव धोतर खोचून पाटाच्या भरावावर चढले, कारण रेंज तेवढी तिथंच. मोबाइल धरलेला हात उंच करून ते इकडून तिकडे वळत होते, मी पाईप वळवतो तसे. लागायचा, तुटायचा. जीप दारात यायला दीड तास गेला. दौंडला डॉक्टर म्हणाले, तासभर आधी आणलं असतं तर बरंच वाचवता आलं असतं. त्यात पंधरा मिनिटं माझी. उरलेली कुणाची, ते तू वीस तारखेला विचार.

जीपमध्ये पोपटराव तिच्या उशाशी बसले होते. त्यांनी स्वतःच्या रुमालानं तिच्या ओठांना पाणी लावलं. मला ओंजळ आठवली. त्यांनाही आठवली असावी, कारण दौंड येईपर्यंत त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. कात्रण घेऊन ते आले होते असं मी लिहिलं, ते इथंच, शिरूरला, तिला बघायला आले होते. तिला हसवायला म्हणून ते पाईप उपटायचं बोलले.

दवाखान्यातून सोडल्यावर करुणानं आम्हाला इथं आणलं. रोज सकाळी एक बाई येऊन हातापायाचे व्यायाम करून घेते. उजवा पाय थोडा हलतो. हात अजून नाही. बोलणं गेलं. समजतं सगळं. धम्मदीपला मी शपथ घातली होती, तुला कळवायचं नाही म्हणून. पोरगा खोटं बोलताना अडखळतो, ते तू ओळखलंसच. इथं रेंज भरपूर आहे. तीनदा तुझा नंबर दाबला आणि वाजायच्या आत बंद केला. पत्रात खोटं लिहिता येतं, आवाज तसं करू देत नाही.

का लपवलं, असं तू विचारशील. तुला घोर नको, तुझ्या कामाचं नुकसान नको, असं लिहिणार होतो. ते खोडलं. तू सांगितलं होतंस तसंच झालं, हे तुझ्यापुढं म्हणावं लागू नये म्हणून लपवलं. एवढंच कारण आहे. माझ्या हट्टाचे दोन महिने मी तुझ्या आईच्या अंगावर काढले.

आता काल काय झालं ते ऐक.

बोलता येईना म्हणून करुणानं पहिल्याच आठवड्यात तिच्या डाव्या हाताशी ताटली आणि पळी ठेवली. शिकवावं लागलं नाही. हो म्हणजे दोन, नाही म्हणजे एक. जेवण, पाणी, अंथरूण, सगळं त्यावर चालतं. पण मधूनच ती तीन ठोके द्यायची. आम्ही विचारायचो, पाणी? एक ठोका. खिडकी लावू? एक. कूस बदलायची? एक. मग परत तीन. मग चिडून पळी भिरकावायची. महिनाभर हे चाललं. करुणा म्हणायची, "दाजी, ताईचा हात चुकतोय." मीही तेच धरलं.

काल करुणानं माझ्या पिशवीतून तुझं चार पानी पत्र काढलं आणि तिला मोठ्यानं वाचून दाखवायला लागली. मी ते वाचून दाखवलं नव्हतं, कारण पानापानावर तू आईलाच विचारलंयस. मी भिंतीकडे तोंड करून बसलो. तू लिहिलंयस ना, तीन ठोक्यांचं वाचून बसमध्ये एकटीच हसले, लोक बघायला लागले. करुणा तिथं आली आणि आईनं पळी उचलली. तीन. थांबून परत तीन. मी वळून बघितलं तर ती माझ्याकडेच बघत होती. रागानं नाही. एखाद्या मठ्ठ पोराला उशिरा गणित सुटल्यावर बघतात तसं.

मागच्या पत्रात 'तुझं नाव काढते' असं मी खोटं लिहिलं होतं. त्या पत्रात तेवढंच खरं निघालं.

मग जे दोन महिने विचारलं नव्हतं ते मी विचारलं. तिच्याजवळ सरकून म्हटलं, "त्या सांजंला चित्र आलं व्हतं का गं?"

तिनं दोन ठोके दिले.

म्हणजे मी पाईप पहिल्यांदा हलवला तेव्हाच चित्र आलं होतं. ताटली नुसती पडली नव्हती. दोनांतला पहिला ठोका तिनं दिला होता, दुसऱ्याला हात उठला नाही. आलेलं चित्र मी पंधरा मिनिटं घालवत बसलो. अँटेनाचं तोंड त्या दिवशी जिथं थांबलं तिथंच आहे, सिंहगड सोडून भुलेश्वरच्या डोंगराकडे. मी परत चढलो नाही.

तुझ्या प्रश्नाचं उत्तर हे असं आहे. गावात अचानक कुणाला काही झालं, तर फोन कुठूनही करता येत नाही.

माझं मत वेगळ्या कागदावर लिहून सोबत ठेवलंय, खाली सही केलीय. तुला पोच मिळेल तसं दे. त्यात लिहिलंय ते इथंही सांगतो, कागद हरवला तर असावं म्हणून. टीव्हीवाल्यांनी लागेल तेवढं भिजवावं आणि उरलेलं पुढं सोडावं. पाळी आपली आहे म्हणून ओढ्याला घालवू नये. पण एक तरी चॅनेल नुसत्या पाईपवर, कार्डाशिवाय, सगळ्यांच्या पत्र्यावर सारखा पडत राहिला पाहिजे. माझ्यासारख्याला आयुष्यात पहिल्यांदा कुणाच्या बरोबरीनं काही मिळालं असेल तर ते तेवढंच. आणि उरलेला पट्टा ज्यांना द्याल त्यांना अट घाला, की आधी टेलला, मग वरच्या अंगाला. हायवे सगळ्यात शेवटी. ज्याला हे जमत नसेल त्याला पट्टा देऊ नका. हे मत तुझ्या बाजूनं झालं की विरुद्ध, ते मला ठरवता येईना. तुला जिथं बसवता येईल तिथं बसव.

आईचं जे झालं ते तिथं सगळ्यांपुढं सांगायचं का, हे मी तिलाच विचारलं. तिनं पळी हातात घेतली. मग दोन ठोके. तेव्हा तुला मोकळीक आहे. माझी पंधरा मिनिटं गाळू नकोस. ती गाळलीस तर ते खोटं होईल, आणि आपल्या घरात खोटं पुष्कळ झालं.

चर्चा सोडून ये असं म्हणत नाही. चर्चा उरकून ये असंही म्हणत नाही. मी ठरवायला बसलो की दोन महिने जातात, म्हणून तू ठरव. येताना रिझर्वेशन असल्याशिवाय गाडीत चढू नकोस. दौंडला उतरलीस तर धम्मदीप न्यायला येईल, त्याला आता खरं बोलायची परवानगी आहे.

हे पत्र स्पीड पोस्टनं टाकतोय. मंगळवारपर्यंत पोचेल असं पोस्टातले म्हणाले, मी दोनदा विचारलं. मंगळवारी संध्याकाळी सातला करुणाच्या मोबाइलवरून तुला फोन लावीन आणि या वेळी बंद करणार नाही. मला बोलता आलं नाही तर समजून घे. मी फोन आईच्या ताटलीजवळ धरीन. तू काही बोलू नकोस, नुसती ऐक. तीन वाजतील.

मग तू बोल. ती ऐकते.

खाली उतरायला उशीर झालेला,
तुझा आबा